कंट्रोलबाई

कारल्याच्या रसानं साखर उतरली, असं आमच्या बाईंसमोर म्हणायची सोय नव्हती. विद्यापीठात आमच्या विभागातल्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी चहाच्या वेळी ती चूक केली. महिनाभर रस घेतला आणि साखर निम्म्यावर आली, असं ते मोठ्या कौतुकानं सांगत होते. बाईंनी कप बशीत ठेवला.

"व्हय का? आन् रस नसता पेला, तर किती झाली असती?"

"म्हणजे?"

"म्हणजे त्याच महिन्यात तुम्ही भात सोडला, सकाळचं फिरायला लागलात, डॉक्टरनं गोळी बदलली. मग समदं श्रेय कारल्याला कशापायी? कंट्रोल कुठंय?"

प्राध्यापक त्या दिवसापासून आमच्या टेबलावर चहाला आले नाहीत. बाईंना त्याचं काही वाटलं नाही. मला वाटतं, त्यांच्या लक्षातही आलं नसावं.

कंट्रोल म्हणजे प्रयोगाची जुळी बहीण. सगळं तेच, तसंच करायचं, फक्त जी गोष्ट तपासायची ती तेवढी वगळायची. ती बहीण शेजारी उभी नसेल तर प्रयोगाला अर्थ नाही, हे पुस्तकात सगळेच वाचतात. बाई ते जगत होत्या, म्हणून त्यांचं नाव कंट्रोलबाई पडलं. फाटकावरच्या नव्या वॉचमनला बरेच दिवस वाटत होतं की या मॅडमचं कंट्रोलचं, म्हणजे रेशनचं, दुकान आहे.

त्या मूळच्या लासूर स्टेशनच्या. वडिलांची बाजारात आडत होती. गाव सोडून त्यांना उभी हयात झाली होती, परदेशात दोन वर्षं काढून आल्या होत्या, पण जिभेवरचं लासूर काही हललं नव्हतं. "मॅडम म्हणू नका," हे त्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगत. "आमच्या शाळेत बाई असायच्या. मॅडम कलेक्टरच्या बायकोला म्हणायचे." वडील पोत्यात लोखंडी नळी खुपसून पार तळातले दाणे काढायचे आणि मगच भाव बोलायचे. बाईंचं सगळं विज्ञान त्या नळीतून आलं होतं. "वरच्या मुठीवरून पोतं घेऊ नये," असं त्या म्हणायच्या. हे वाक्य पुढं त्यांच्याच अंगावर आलं.

आमचं काम मूत्रपिंडाच्या पेशींवर होतं. पेशीला बाहेरून निरोप येतो: साखर वाढली, इन्सुलिन आलं, धोका आहे. तो निरोप आतल्या आत एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडं, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडं जातो. मधुमेहात या साखळीतलं कुठलं तरी प्रथिन नको तेव्हा जागं होतं आणि मूत्रपिंड हळूहळू निकामी होतं. ते प्रथिन कोणतं, हा बाईंचा प्रश्न. शहरात डायलिसिसच्या रांगा आम्ही बघतच होतो. त्यामुळं हा प्रश्न कागदावरचा नव्हता.

प्रथिन डोळ्यांना दिसत नाही. पेशी फोडायच्या, प्रथिनं वजनाप्रमाणं वेगळी करून एका पांढऱ्या पडद्यावर उतरवायची, आणि त्यावर अँटिबॉडी सोडायची. ती हजारोंच्या गर्दीतून नेमक्या आपल्या प्रथिनाला जाऊन चिकटते, आणि तिथं काळी आडवी रेघ उमटते. रेघ जाड म्हणजे प्रथिन जास्त. अँटिबॉडी भलतीकडं चिकटू नये म्हणून पडदा आधी दुधाच्या भुकटीच्या पाण्यात बुडवून ठेवतात. आमच्या भुकटीच्या डब्यावर बाईंच्या अक्षरात लिहिलेलं होतं, "चहासाठी हात लावणाऱ्याचा प्रबंध अडवीन." नळाला आठवडा आठवडा पाणी नसायचं, वीज जायची, फ्रीझरला आम्ही आजारी माणसासारखं जपायचो. त्यातून ती रेघ आली की खोलीत सण असायचा.

आणि त्या सणावर बाई विरजण घालायच्या. त्यांच्या प्रयोगशाळेचा एक रिवाज होता: दुसरा हात. तुझी रेघ आली ना? छान. आता नळ्यांवरची नावं झाकायची आणि तोच प्रयोग दुसऱ्यानं पहिल्यापासून करायचा. कुठल्या नळीत काय आहे, हे त्याला सांगायचं नाही. त्याच्याही हातून तीच रेघ आली तर ती खरी. माझा दुसरा हात म्हणजे शाहीन, माझ्याबरोबरची विद्यार्थिनी, सिल्लोडची. मी चिडचिड करत नळ्या तिच्यापुढं ठेवायचे आणि ती हसत म्हणायची, "गुस्सा कायको करती, अनघा? तेरी रेघ मैं चुराती क्या?" एकदा तिच्या हातून माझी रेघ आलीच नाही. महिनाभराचं काम गेलं. मी बाईंसमोर रडले. त्या म्हणाल्या, "रडायलीस कशापायी? बाहेरच्यानं पकडण्याआधी घरच्यानं पकडलं. पेढे वाट."

असल्या बाईंचा शोधनिबंध बाहेरच्या मोठ्या नियतकालिकात आला, तेव्हा विभागात कुणाचा विश्वास बसेना. साखर वाढली की एक प्रथिन जागं होतं आणि मूत्रपिंडाच्या पेशींना मरणाचा निरोप देतं, हे त्यांनी दाखवलं होतं. पुराव्याला एक ठसठशीत काळी रेघ. माझ्या आधीच्या विद्यार्थ्यांनी काढलेली, दुसऱ्या हातानं तपासलेली. मी नुकतीच आले होते, ती त्याच रेघेवर पुढचं बांधायला. वर्तमानपत्रात 'मराठवाड्याच्या लेकीचं संशोधन' असं छापून आलं. निबंधावर विभागप्रमुखांचंही नाव होतं. त्यांना आम्ही सत्कारसर म्हणायचो, कारण त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर हिमरू शाल नाही असा दिवस आम्ही पाहिला नव्हता. त्या वर्षी त्यांना इतक्या शाली मिळाल्या की कपाट पुरेना. बाईंनी आपल्या वाट्याची शाल प्रयोगशाळेत आणून सूक्ष्मदर्शकावर धूळ बसू नये म्हणून पांघरली.

त्या आनंदात बाई आम्हाला वेरूळला घेऊन गेल्या. डबे घरचे होते, गाडी भाड्याची. कैलास लेण्यासमोर सगळे फोटो काढत होते आणि बाई वर कड्याकडं बघत बसल्या होत्या. "वरून खाली कोरत आले," त्या म्हणाल्या. "एक छिन्नी चुकली की संपलं. दगड परत लावता येत नाय. आपलं बरंय. आपल्याला चुकलं म्हणायची सोय आहे." मला ते वाक्य तेव्हा नुसतं गोड वाटलं होतं. आज आठवलं की तोंड कडू होतं.

माझा प्रबंध लिहून होत आला होता. वडील जिल्हा परिषदेत कारकून होते, त्यांचे वडील तहसिलीत कारकून. घराण्यात पहिल्यांदा कुणाच्या नावामागं डॉक्टर लागणार होतं. वडिलांना धीर धरवेना. त्यांनी औरंगपुऱ्यातून पितळी पाटी करून आणली होती: डॉ. अनघा. ती कपाटात कापडात गुंडाळून ठेवलेली असायची, आणि पाहुणे आले की नुसती दाखवायची.

त्याच सुमारास बाईंच्या एका जुन्या वर्गमैत्रिणीनं हैदराबादहून पेशी पाठवल्या. त्या खास होत्या. त्यांच्यातून आमच्या त्या प्रथिनाचं जनुकच काढून टाकलं होतं. म्हणजे ते प्रथिन त्यांच्यात असूच शकत नव्हतं. निबंध लिहिला तेव्हा असल्या पेशी मिळणं आमच्या आवाक्यात नव्हतं. अँटिबॉडी विकणाऱ्या कंपनीच्या कागदावर 'फक्त याच प्रथिनाला चिकटते' असं छापलेलं होतं, त्यावर भागवलं होतं. आता खरा कंट्रोल हातात आला. या पेशींत रेघ दिसता कामा नये. बाई खुशीत होत्या. "चल, मुकुटात शेवटचा मोती बसवून टाकू," म्हणाल्या.

शाहीननं पडदा यंत्रात ठेवला. आम्ही तिघी समोर उभ्या. जिथं काही असायला नको होतं, तिथं रेघ होती. तीच जागा, तीच जाडी, तीच ठसठशीत.

"बाई, ये तो गई नाय," शाहीन म्हणाली.

बाईंनी पेशींच्या नव्या नळ्या काढल्या. त्यांनी मला करायला लावलं, नावं झाकून. रेघ. मग स्वतः केलं. चष्मा पुसत, ओठ मिटून. रेघ. ती अँटिबॉडी इतकी वर्षं दुसऱ्याच कुठल्या तरी तितक्याच वजनाच्या प्रथिनाला चिकटत होती. आम्ही ज्याला चोर म्हणून धरलं होतं, तो त्या घरात राहतच नव्हता. दुसरा हात इथं कामाला आला नाही. हात दोन होते, पण अँटिबॉडीची बाटली एकच होती. बाई स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "वरच्या मुठीवरून पोतं घेतलं मी. बापानं मारलं असतं मला."

दुसऱ्या दिवशी त्या सत्कारसरांकडं गेल्या. आकृत्या दाखवायला मीही बरोबर होते. सरांनी सगळं ऐकलं, दार लावून घेतलं.

"मॅडम, ही कंपनीची चूक आहे. आपली नाही."

"छापलं कुणी? कंपनीनं?"

"जगात शेकडो लोक हीच बाटली वापरतात. कुणी काही बोललंय? कुणी विचारलंय आपल्याला?"

"मी विचारलंय," बाई म्हणाल्या.

सर हसले. समजुतीचं हसले, लहान मुलाशी हसावं तसं. अनुदानाचं वर्ष आहे, समिती यायची आहे, विभागाची अब्रू आहे, असं पुष्कळ बोलले. बाईंनी आकृत्या गोळा केल्या. "पेपर मागं घ्यायचं पत्र मी लिहितेय. तुमची सही पायजे. नाय दिलीत तर तुमच्या सहीशिवाय जाईल." इतकंच बोलून त्या उठल्या.

माझा प्रबंध त्या रेघेवर उभा होता. तीन प्रकरणं त्या रेघेची. मी बाईंना गाठलं आणि एकच मागितलं: माझा व्हायवा होऊ द्या, मग पाठवा पत्र. दोन महिन्यांचा प्रश्न आहे. रेघ इतकी वर्षं खोटी होती, आणखी दोन महिने खोटी राहिली तर कुणाचं काय जातं?

"तुझं जातंय," त्या म्हणाल्या. "मला ठाऊक असताना तुला त्यावर डॉक्टर करू? उद्या तू कुणाची तरी गाईड होशील. त्याला काय शिकवशील?"

"म्हणजे माझी वर्षं गेली."

"गेली," बाई म्हणाल्या. हा एवढा शब्द. सांत्वन नाही, पाठीवर हात नाही. मी इतक्या वर्षांनीही सांगते, त्यांनी दोन महिने थांबायला हवं होतं. त्यांचं बरोबर होतं आणि तरीही थांबायला हवं होतं. या बाबतीत मला पश्चात्ताप वगैरे काही नाही. मी त्यांच्याशी बोलणं सोडलं.

त्या मात्र आमच्या घरी आल्या. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत, उन्हाच्या, छत्री घेऊन. मी आतल्या खोलीत बसून राहिले. बाहेर वडिलांनी पाणी दिलं, चहा दिला. बाई म्हणाल्या, "तुमच्या पोरीचा हात लई चांगलाय. चूक माझी आहे, तिची नाय. हे सांगायला आले." वडिलांनी रिकामा पेला उचलला. मग म्हणाले, "हाताची पाटी लावता येत नाही हो, बाई." बाई चहा न संपवता उठल्या. ती पाटी अजून माळ्यावर आहे. तिला पॉलिश लागत नाही, कापडात पितळ चांगलं राहतं.

निबंध मागं घेतला गेला. सत्कारसरांनी शेवटी सही दिली, पण समितीला वेगळंच सांगितलं. मॅडमच्या प्रयोगशाळेत काही गडबड आढळली, विभागानं ताबडतोब पावलं उचलली, असं. म्हणजे चूक कबूल करणारी बाई चोर ठरली आणि गप्प बसायला सांगणारे साहेब शिस्तप्रिय. अनुदान गेलं. फ्रीझर दुसऱ्या मजल्यावर हलवताना कुणी तरी वायर लावायची विसरलं आणि बाईंच्या सगळ्या पेशी मेल्या. त्यांच्या खोलीत विभागाच्या ढाली आणि मानचिन्हांचं कपाट आलं. कॉरिडॉरमध्ये मुलं त्यांना पाहून म्हणायची, "कंट्रोल कुठंय?" आणि फिदीफिदी हसायची. त्या निवृत्त झाल्या तेव्हा निरोपाचा नारळसुद्धा कुणी दिला नाही. शाली मात्र तोवर दुसऱ्या कपाटातही मावेनाशा झाल्या होत्या.

शाहीन सिल्लोडला परतली आणि रक्त तपासायची छोटी प्रयोगशाळा काढून बसली. मी शेंद्र्याला एका औषध कंपनीत गुणवत्ता तपासणीत लागले. तिथं माझी ख्याती फार वाईट आहे. एका माणसाच्या सहीवर मी माल सोडत नाही, आणि दोघांनी तपासलं म्हटलं तर द्रावण एकाच बाटलीतलं होतं का, ते विचारते. मॅनेजर कपाळावर हात मारतात. बाईंनी पदवी दिली नाही, हा रोग तेवढा दिला.

बोलणं पुन्हा सुरू झालं ते त्यांच्या फोननं. कसलीही प्रस्तावना नाही. "अनघे, आणखी एकानं ती रेघ वापरलीय." मागं घेतलेल्या निबंधावर तसा शिक्का बसतो, पण शिक्का वाचतो कोण? जगभर माणसं त्या निबंधाचा आधार घेऊन नवे निबंध लिहीत होती. आणि निवृत्त बाई सिडकोतल्या आपल्या खोलीत बसून एकेकाला कळवत होत्या: तुम्ही ज्याचा आधार घेतलाय तो माझा निबंध चुकीचा आहे, मीच मागं घेतलाय, कृपा करून काढा. बहुतेक जण उत्तर देत नसत. एकानं आभार मानले, यापुढं लक्षात ठेवतो म्हणाला, आणि पुढच्याच निबंधात पुन्हा तोच आधार घेतला. बाई ते मला हसत हसत सांगायच्या, पण त्यांचं हसू मला ऐकवायचं नाही. नवं काही शोधायला प्रयोगशाळा उरली नव्हती. आयुष्यात आता एकच काम उरलं होतं: आपल्याच हातानं जगात सोडलेलं खोटं परत गोळा करणं.

मग आजार आला. पोटाचा, उशिरा कळलेला. डॉक्टर नव्या औषधाचं कौतुक करत म्हणाले, तुम्हाला आता बरं वाटतंय ना? बाई म्हणाल्या, "वाटतंय. पन औषध न घेता कसं वाटलं असतं, ते सांगायला दुसरी मी कुठून आणू?" डॉक्टर हसले. मला हसता आलं नाही, कारण त्या गंमत करत नव्हत्या.

शेवटचं भेटले तेव्हा त्या खिडकीशी बसल्या होत्या. हाताची नुसती काडी झाली होती. शाहीननं सिल्लोडहून पाठवलेली मोसंबी मी सोलत होते. इकडचं तिकडचं झालं. मग त्या म्हणाल्या, "माणूस जातंच गं. त्याचं काय नाय. पन ती रेघ माझ्याआधी मरायला पायजे होती." मी म्हणाले, आम्ही आहोत ना, बाई. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "आहात खऱ्या," म्हणाल्या, आणि मोसंब्याची एक फोड तोंडात घातली. त्यांनी मला माफ केलं की मी त्यांना, याचा हिशेब आम्ही दोघींनीही मांडला नाही. माझा त्यांच्यावर राग होता आणि त्यांच्यावर होतं तितकं माझं प्रेम आई-वडील सोडले तर कुणावरच नव्हतं. दोन्ही तसंच राहिलं.

त्या गेल्यावर विभागानं शोकसभा ठेवली. जिवंतपणी नारळ न देणारे मेल्यावर हार घेऊन आले. मी आणि शाहीन मागच्या रांगेत बसलो. स्टेजवर भिंतभर फ्लेक्स लावला होता. कोपऱ्यात बाईंचा फोटो, पासपोर्टवरून मोठा केलेला, धुरकट. आणि मधोमध, हातभर लांब, काळी, ठसठशीत, ती रेघ. खाली सोनेरी अक्षरांत: थोर संशोधिकेस भावपूर्ण श्रद्धांजली. विभागाच्या जुन्या फाइलीत शोधताना कुणाला तरी तीच आकृती सगळ्यात सुबक वाटली असणार.

सत्कारसर उठले. त्यांचे केस आता पांढरे झाले होते, आवाज तसाच. मधुमेहानं मूत्रपिंड का निकामी होतं, याचं उत्तर मराठवाड्याच्या मातीतून जगाला मिळालं, मला त्यांच्या त्या कार्यात खारीचा वाटा उचलता आला, असं ते भरल्या गळ्यानं सांगत होते. मुलं टाळ्या वाजवणार होती, पण शोकसभा आहे हे कुणाला तरी आठवलं. शाहीननं माझा हात घट्ट धरला. मी तो सोडवून उभी राहिले.

"सर, ती रेघ चुकीची आहे," मी म्हणाले. आवाज मोठा होता. "त्या निबंधात काहीच खरं नव्हतं. बाई चुकल्या होत्या. त्यांनी स्वतः शोधून काढलं, स्वतः निबंध मागं घेतला, आणि मरेपर्यंत सगळ्यांना हेच सांगत राहिल्या. तो फ्लेक्स काढा."

पुढच्या रांगेतल्या माना वळल्या. कुणी तरी "चक् चक्" केलं. नवी मुलं माझ्याकडं, भर शोकसभेत मयताची उणीदुणी काढणाऱ्या बाईकडं बघावं तसं बघत होती. सत्कारसरांनी माइकवर हात ठेवला, चष्मा काढला, आणि फार सौम्य आवाजात, खरोखरच वाईट वाटल्यासारखं म्हणाले,

"बेटा, तुझं नुकसान झालंय, मला कल्पना आहे. पण गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये."

मग त्यांनी सगळ्यांना दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायची विनंती केली. सगळे उठले आणि त्या रेघेसमोर माना खाली घालून उभे राहिले.